शांतिसेना आणि शेजारधर्म

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारांवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु या विषयाकडे आम्हांस आमच्याच एका विद्यार्थ्याने नेले, आणि त्याचे उत्तर देणे आमच्याकडे बाकी आहे, म्हणून हे धाडस करीत आहोत.

आज या व्यासपीठावर ज्या माजी सैनिकांचा आपण सत्कार केला, त्यांतील एक आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीचा विद्यार्थी. वयाच्या विसाव्या वर्षी तो भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेत गेला होता. परत आल्यावर अनेक वर्षे त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही. गेल्या दिवाळीत नमस्कारास आला असता मात्र सहज म्हणाला, “गुरुजी, पहिल्या आठवड्यात त्या लोकांनी आमच्या गळ्यांत हार घातले. तिसऱ्या महिन्यात त्याच गल्लीतून आमच्यावर गोळ्या आल्या. आम्ही तिथे नेमके कोणाच्या बाजूचे होतो?”

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही. वर्षभर ग्रंथालयात बसून जे वाचले, त्याचे सार आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम शांतिसेना म्हणजे काय ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. १९४८ साली संघाने पॅलेस्टाईनमध्ये युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी निरीक्षक पाठविले, आणि १९५६ साली सुएझच्या प्रकरणात पहिली सशस्त्र शांतिसेना उभी केली. त्या पहिल्या सेनेत आपले भारतीय जवानही होते. तेव्हापासून आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी ही सेवा केली असून दीडशेहून अधिक जणांनी तीत देह ठेविला आहे. या सेनेचे तीन नियम आरंभापासून ठरलेले आहेत. एक, भांडणाऱ्या पक्षांच्या संमतीनेच जावयाचे. दोन, कोणाचाही पक्ष घ्यावयाचा नाही. तीन, शस्त्र केवळ आत्मरक्षणासाठी वापरावयाचे. लष्करी हस्तक्षेप ही गोष्ट याहून निराळी. तेथे सैन्य संमतीची वाट पाहत नाही. एखादी गोष्ट घडवून आणण्यासाठी किंवा थांबविण्यासाठी ते बळाचा उपयोग करते. कागदावर हा भेद स्पष्ट आहे. एकाच भूमीतील दोन जमाती जेव्हा परस्परांच्या जिवावर उठतात, तेव्हा मात्र ही रेघ पुसली जाते, आणि आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेथूनच निघाला आहे.

याची तीन उदाहरणे आम्ही घेणार आहोत. पहिले सायप्रस बेटाचे. तेथे ग्रीक व तुर्की या दोन समाजांत १९६३ च्या अखेरीस दंगे उसळले आणि मार्च १९६४ मध्ये संघाची सेना तेथे गेली. तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल ग्यानी हे भारतीय होते. त्यांच्यामागून आपले निवृत्त सरसेनापती जनरल थिमय्या आले व डिसेंबर १९६५ मध्ये त्या बेटावरच, कर्तव्यावर असताना, त्यांचा अंत झाला. १९७४ साली तेथे बंड झाले, तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि बेटाचे दोन भाग पडले. तेव्हाही शांतिसेनेचे नेतृत्व जनरल प्रेमचंद या भारतीयाकडेच होते. त्या दोन भागांमध्ये सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा आहे. निकोसिया या राजधानीच्या भर वस्तीतून तो जातो, आणि त्यावर संघाचे सैनिक अद्याप पहारा करतात. साठ वर्षे उलटून गेली. कत्तल थांबली हे खरे, पण तडजोड झालेली नाही. सैनिकाने वेळ मिळवून दिला. त्या वेळाचे काय करावयाचे, हे मात्र बेटावरील माणसांच्या हाती होते.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील रुवांडा या देशाचे. हे सांगताना आमचा कंठ दाटून येतो. त्या छोट्याशा डोंगराळ देशात हुतू, तुत्सी व त्वा असे तीन समाज राहतात. हुतू संख्येने फार मोठे, तुत्सी थोडे, त्वा अगदीच थोडे. तिघांची भाषा एक, बहुतेकांचा धर्म एक, शेतेही एकाच टेकडीच्या उतारावर. बेल्जियमचे राज्य असताना १९३० नंतरच्या दशकात तेथील सरकारने प्रत्येकास एक ओळखपत्र दिले आणि त्यावर त्याची जमात लिहिली. पूर्वी जो भेद काहीसा लवचीक होता, तो या लेखणीने कायमचा झाला.

१९९० पासून चाललेले यादवी युद्ध मिटविण्यासाठी ऑगस्ट १९९३ मध्ये आरुशा येथे तह झाला, व तो अमलात आणण्यास सुमारे अडीच हजारांची शांतिसेना गेली. तिचे सेनापती कॅनडाचे जनरल रोमिओ डालेर. ११ जानेवारी १९९४ रोजी त्यांनी न्यूयॉर्कला तार केली. राजधानी किगालीमध्ये शस्त्रांचे गुप्त साठे आहेत, तुत्सी लोकांच्या याद्या तयार होत आहेत, त्या त्यांच्या संहारासाठी असाव्यात अशी खबर आहे, आपण ते साठे जप्त करू इच्छितो, असा तिचा आशय होता. वरिष्ठांनी उत्तर दिले की हे आपल्या अधिकारकक्षेबाहेर आहे, करू नये.

६ एप्रिल १९९४ रोजी रुवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि त्या रात्रीच संहारास आरंभ झाला. रस्त्यारस्त्यांवर नाके उभे राहिले. नाक्यावर ओळखपत्र दाखवावयाचे, आणि त्यावरील एका शब्दाने माणसाने जगावे की मरावे हे ठरावयाचे. मारणारे परके नव्हते. कित्येकदा शेजारीच होते. दुसऱ्याच दिवशी बेल्जियमचे दहा शांतिसैनिक ठार झाले व बेल्जियमने आपले सैन्य माघारी बोलाविले. किगालीतील एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार माणसे त्या सैनिकांच्या आश्रयास आली होती. ११ एप्रिल रोजी सैनिक निघून गेले, आणि त्या माणसांपैकी बहुतेकांची काही तासांतच हत्या झाली. आम्ही शाळामास्तर असल्यामुळे शाळेचे ते आवार आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. २१ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढविण्याऐवजी ती केवळ २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत, संघाच्या अंदाजाप्रमाणे, आठ लाख माणसे मारली गेली.

या अंधारातही काही दिवे तेवत राहिले, हे सांगितले पाहिजे. जनरल डालेर मूठभर सैनिकांसह तेथेच राहिले आणि त्यांच्या आश्रयाने हजारो लोक वाचले. सेनेगल देशाचे कॅप्टन म्बाय दियान हे निःशस्त्र निरीक्षक होते. ते आपल्या मोटारीत माणसे लपवून, नाक्यावरील मारेकऱ्यांशी कधी हसून तर कधी हुज्जत घालून, एकेक खेप करीत. अशा रीतीने त्यांनी शेकडो जीव वाचविले. ३१ मे १९९४ रोजी तोफगोळ्याचा तुकडा लागून ते मृत्यू पावले. असामान्य धैर्यासाठी संघ आता जे पदक देतो, त्यास त्यांचेच नाव आहे. त्यांच्यापाशी ना शस्त्र होते, ना वेगळा हुकूम.

पुढच्याच वर्षी, जुलै १९९५ मध्ये, बोस्निया देशातील स्रेब्रेनित्सा या गावी हेच घडले. संघाने ‘सुरक्षित’ म्हणून घोषित केलेल्या त्या गावातून आठ हजारांवर मुसलमान पुरुष व मुलगे नेऊन ठार मारले गेले, आणि तेथील शांतिसैनिक ते थांबवू शकले नाहीत. या दोन ठिकाणी जे घडले ते कमी केल्याचे पाप होय. त्यानंतर संघाने आपले नियम बदलले. १९९९ पासून अनेक शांतिसेनांना निःशस्त्र नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याचा अधिकार देण्यात आला. आणि २००५ साली सर्व राष्ट्रांनी मान्य केले की, आपल्या प्रजेचे संहारापासून रक्षण करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य असून ते त्यात उघड उघड कसूर करील तर जगाने गप्प बसू नये. मान्य करणे आणि आचरणे यांत किती अंतर असते, हे आपणांस सांगावयास नको.

आता तिसरे उदाहरण, आमच्या विद्यार्थ्याचे. श्रीलंका १९४८ साली स्वतंत्र झाली. १९५६ साली तेथे सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला. तमिळ बोलणाऱ्यास स्वतःच्याच देशाच्या कचेरीत परके वाटू लागले. भाषेची ही वेदना कशी असते, हे १९६० पूर्वीचा लढा पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस सांगितले आहे. १९५७ साली पंतप्रधान भंडारनायके व तमिळ पुढारी चेल्वनायकम यांनी तडजोडीचा करार केला होता. परंतु विरोध होताच पुढच्या वर्षी तो मोडीत काढण्यात आला. १९८१ साली जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले व सुमारे सत्याण्णव हजार ग्रंथांची राख झाली. जुलै १९८३ मध्ये जाफना येथे तेरा सैनिक मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून कोलंबोत व अन्यत्र निरपराध तमिळांच्या घरांवर, दुकानांवर जमाव चालून गेले. त्या वेळी काही जमावांच्या हाती मतदारयाद्या होत्या व त्या पाहून तमिळांची घरे शोधली गेली, असे या दंगलीचे वृत्तांत सांगतात. त्यानंतर जे पेटले ते यादवी युद्धच होते.

२९ जुलै १९८७ रोजी आपले पंतप्रधान राजीव गांधी व श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळांना प्रांतिक स्वायत्तता मिळावी, लढवय्यांनी बहात्तर तासांत शस्त्रे खाली ठेवावीत, आणि यावर भारताच्या सैन्याने देखरेख करावी, असे ठरले. दुसऱ्याच दिवशी आपली पलटणे जाफन्याजवळ उतरू लागली. लोकांनी हार घातले, ते याच वेळी. पण या करारात एक मोठे वैगुण्य होते. सह्या दोन सरकारांच्या होत्या. ज्यांच्या हाती बंदुका होत्या, त्या वाघांच्या संघटनेची त्यावर सही नव्हती. आणि सिंहली समाजातील मोठ्या वर्गासही तो लादलेला वाटत होता. शांतिसेनेचा पहिला नियम जो संमतीचा, तो वरवरच पाळला गेला होता.

ऑक्टोबरात तहाचा भंग झाला आणि देखरेखीस गेलेल्या सैन्यास जाफना शहर लढून घेण्याचा हुकूम सुटला. पहिल्याच रात्री विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाईट इन्फन्ट्रीच्या तुकडीतील एकोणतीस जवान धारातीर्थी पडले. २१ ऑक्टोबर रोजी जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर व परिचारिका यांसह साठांहून अधिक माणसे प्राणास मुकली. आतून आपल्यावर गोळ्या आल्या, असे एका पक्षाचे म्हणणे. निःशस्त्रांवरच गोळ्या झाडल्या, असे दुसऱ्याचे. आपल्या जवानांविषयी आम्हांस अभिमान आहे, परंतु शिक्षकाने धडा अर्धा शिकवू नये, म्हणून हेही सांगितले.

त्याच युद्धात २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले. मुंबईत जन्मलेला हा तमिळ मातृभाषेचा अधिकारी महार समाजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीतील तुकडीचे नेतृत्व करीत होता. रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. त्यांनी शत्रूस पाठीमागून घेरले, छातीत गोळी लागली असताही समोरच्याची रायफल हिसकावून घेतली आणि प्राण जाईपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ज्यांच्याशी ते लढले, तेही त्यांचीच भाषा बोलत होते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा युद्धाची शोकांतिका कळते.

शिखरकाळी आपले सत्तर हजारांहून अधिक सैन्य त्या बेटावर होते. श्रीलंकेत नवे अध्यक्ष आले, त्यांनी १९८९ साली भारतीय सैन्याने जावे अशी मागणी केली. एवढेच नव्हे, तर त्यांच्याच सरकारने त्या काळी वाघांना शस्त्रे पुरविली, हेही पुढे उघड झाले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. मद्रास बंदरात परतलेल्या सैन्याच्या स्वागतास तेथील तत्कालीन मुख्यमंत्री गेले नाहीत. १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली, आणि श्रीलंकेतील युद्ध पुढे २००९ पर्यंत चालले. कोलंबोजवळ आता आपल्या त्या जवानांचे स्मारक आहे. त्या कराराचे जे फळ टिकले, ते सांगावयाचे तर एक घटनादुरुस्ती. तिने १९८७ च्या अखेरीस प्रांतिक मंडळे निर्माण केली व तमिळलाही राजभाषा म्हटले. जे १९५६ साली एका कायद्याने हिरावले गेले होते, त्यातील काही एकतीस वर्षांनी अशा रीतीने परत लिहावे लागले. ते मुळातच हिरावले नसते तर!

म्हणून, बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज भरसभेत देतो. तुम्ही जाताना कोणाच्याच बाजूचे नव्हता. तुम्हांस पाठविणाऱ्यांनी तुम्हांला एक बाजू करून टाकले, आणि ते कोणी तुम्हांस समजावून सांगितले नाही. यात तुझा दोष नाही. तू हुकूम पाळलास. ज्या गोष्टी कचेऱ्यांत व विधिमंडळांत पूर्वीच व्हावयास हव्या होत्या, त्या विसाव्या वर्षाच्या मुलाच्या बंदुकीने करून घेण्याचा प्रयत्न झाला, आणि त्या तशा होत नसतात.

याचा अर्थ परक्याने कधी मध्ये पडूच नये, असा कोणी काढू नये. रुवांडात मध्ये पडावयास हवे होते, आणि वेळीच. आमचे म्हणणे इतकेच, की सैन्य पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. शस्त्र ज्याच्या हाती आहे त्याची संमती आहे काय? नसल्यास, निरपराध्यास वाचविण्याचा स्पष्ट हुकूम व तेवढे बळ सैनिकास दिले आहे काय? आणि सैनिक परतल्यावर ती माणसे कोणत्या कायद्याखाली एकत्र नांदणार, हे ठरले आहे काय? या तिहींची उत्तरे नसतील, तर सैनिकाचे रक्त केवळ वेळ विकत घेते. आणि तो वेळ वाया जातो.

आता शेवटचे, व जे बोलण्यास आम्हांस सर्वांत जड जाते. याद्यांविषयी आम्ही बरेच बोललो. अडतीस वर्षे शाळेच्या जनरल रजिस्टरातील जातीचा रकाना आम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात, पक्क्या शाईने भरला आहे. त्याच रकान्यामुळे कित्येक गरीब मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, हे आम्ही जाणतो. लिहिणे हे पाप नव्हे. आपले मंडळही दरवर्षी या स्मरणिकेत कुटुंबांची नामावली छापते. तिच्यामुळे परगावी गेलेल्या विद्यार्थ्यास घर मिळते, आजाऱ्यास रक्त मिळते. ही नामावली आपला अभिमान आहे.

परंतु गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढे सूचना आली, की ज्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला, त्यांची कुटुंबे नामावलीतून वगळावीत. सूचना संमत झाली, आणि हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. आपल्या या छोट्या ठरावाची त्या भयंकर याद्यांशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. तसे आम्ही म्हणत नाही. कोणाच्या केसासही त्यामुळे धक्का लागलेला नाही. पण वर्षभर हे सारे वाचताना आम्हांस एवढे कळले, की नाव कशासाठी लिहावयाचे आणि कशासाठी खोडावयाचे, या प्रश्नाचा आरंभ नेहमी लहान सभेतच होतो. तेथे बसलेली माणसे आमच्यासारखीच सभ्य असतात, आणि हात वर करताना त्यांना विशेष काही वाटत नाही. आम्हांसही वाटले नव्हते. गेल्या वर्षीच्या यादीत अकरा कुटुंबे नाहीत. त्यांतील चौघांना आम्ही बाराखडी शिकविली आहे.

अध्यक्षमहाराज, आम्ही आमचा हात खाली घेतो. ती सूचना मागे घ्यावी, व ही अकरा नावे यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्या पूर्वीच्या जागी छापावीत, असा लेखी ठराव आज सायंकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही मांडणार आहोत. त्यास अनुमोदन देणारा मिळाला नाही, तरी तो इतिवृत्तात नोंदवावा, एवढी विनंती आहे.

शांतिसैनिक दूर देशांतून येतो, कारण तेथील शेजाऱ्यांनी आपला शेजारधर्म आधी सोडलेला असतो. तो येण्याची वेळ ज्यांच्यावर येत नाही, ते भाग्यवान. पण ते भाग्य रोज थोडे थोडे सांभाळावे लागते. आमच्या बोलण्यात काही अधिकउणे झाले असल्यास वयाकडे पाहून क्षमा करावी.